दुर्गकडचा कॅन

आमच्या घरात डावं-उजवं नव्हतं. होतं ते दुर्ग आणि रायपूर. या दोन स्टेशनांच्या मधल्या चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत दोन खोल्यांचं क्वार्टर, पाठीमागे यार्ड, आणि रूळ आमच्या भिंतीला इतके समांतर की बाबांनी सगळा संसारच रुळांच्या हिशेबाने लावला होता. मिठाची बरणी रायपूरकडे, तिखटाची दुर्गकडे. पंख्याखाली जेवायला बसलं की आई म्हणायची, "दुर्गकडे सरक जराशी, मले वारा लागू दे." एकदा बाबांची दाढ दुखायला लागली. डॉक्टरने विचारलं कोणत्या बाजूची, तर बाबा म्हणाले, रायपूरकडची. डॉक्टरने पेन खाली ठेवलं. मग बाबांनी खिडकीतून सूर्य कुठे आहे ते पाहिलं, मनाशी काहीतरी जुळवलं आणि म्हणाले, आता इथं बसल्यावर दुर्गकडची झाली. हसू नका. या एका सवयीच्या बाहेर मी पाऊल टाकलं आणि त्यापायी माझ्या सतराव्या वर्षी एक अख्खा समुद्र नासवला. तेच आता सांगते.

बाबा सिग्नल मेंटेनर. म्हणजे यार्डातल्या लाल-हिरव्या दिव्यांमागे ज्या बॅटऱ्या असतात, त्या जिवंत ठेवणारा माणूस. केबिनशेजारी बॅटरी रूम होती, तिथे काचेच्या बरण्यांसारख्या बॅटऱ्यांच्या रांगा. पाण्याची पातळी उतरली की त्यांत डिस्टिल्ड वॉटर घालायचं, नवी बॅटरी आली की ॲसिड भरायचं. बाबांच्या खाकी पँटला कायम बारीक बारीक भोकं असत, जणू कोणी उदबत्तीने डाग दिलेत. आई ती पँट उन्हाकडे धरून म्हणायची, चांदण्या पडल्या. रात्रंदिवस यार्डात मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळत, तो आवाज पहिल्या डब्यापासून शेवटच्या डब्यापर्यंत पळत जाई, आणि आमच्या फडताळातल्या कपबशा त्याला उत्तर देत. पाहुणे दचकत. आम्ही बेसनाच्या पाटोडीच्या रश्शात भाकरी चुरत राहायचो. आई नागपूरची, त्यामुळे रस्सा असा की नाकातून पाणी यावं. पण इथल्या शेजारणींनी तिला बासी खायला शिकवलं होतं. उन्हाळ्यात सकाळी रात्रीचा पाण्यात घातलेला भात, वर कांदा, मीठ, हिरवी मिरची. आज भिलाईत माझ्या घरी कुणी फार शिष्टपणे जेवायला बसलं, की मी मुद्दाम तेच वाढते.

बाबांचे साहेब होते पेडणेकर. कोकणातले. आयुष्य या बाजूला काढलं, पण बोलताना सारखा समुद्र यायचा. कुठलाही बिघाड झाला, गाडीचा रूळ बदलणारा पॉइंट अडला, केबल तुटली, की दुरुस्तीनंतर चहाच्या वेळी साहेब त्यांच्या गावामागच्या एका लपलेल्या खाडीवजा वळणाची गोष्ट काढायचे. दोन टेकड्यांच्या कुशीत पाणी आत शिरलेलं, वरून रस्ता नाही, बाहेरच्या समुद्रातून पाहिलं तर दिसतसुद्धा नाही, फक्त गावातल्या होड्यांना ठाऊक. होडीने आत शिरताना उजव्या हाताला काळा कडा, डाव्या हाताला माड, मध्ये मूठभर वाळू. कोकणात घराच्या मागच्या अंगणाला मागीलदार म्हणतात, तसं त्या जागेला गाव मागीलदारच म्हणे. साहेबांचं तिथं आता कुणी उरलं नव्हतं. घर पडलं होतं. निवृत्तीनंतर ते मुलीकडे भोपाळला जाणार होते, म्हणजे समुद्रापासून आमच्याइतकेच लांब.

निवृत्त होणाऱ्या माणसाला त्या डिपार्टमेंटमध्ये भिंतीवरचं घड्याळ देत असत. ज्याला आता कुठेच वेळेवर पोचायचं नाही त्याला घड्याळ. बाबांबरोबर काम करणारे देवांगन काका, चरोद्याचेच, खळखळून हसणारे, ते म्हणाले, साहेबाला त्याचं तळं देऊ. त्यांच्या लेखी समुद्र म्हणजे मोठं तळंच. आणि चित्र कोण काढणार? तर नोनी. म्हणजे मी. देवांगन काका मला नोनीच म्हणत, छत्तीसगढीत पोरीला म्हणतात तसं. कॉलनीतल्या गणपतीची मागची कमान, शाळेच्या नाटकातला राजवाडा, कुणाच्या लग्नातला मोर, सगळं मीच रंगवलेलं. मी त्या वेळी बारावीची परीक्षा देऊन बसले होते आणि मला कलेच्या कॉलेजात जायचं होतं. मी बी.एस्सी. करून रेल्वेची परीक्षा द्यावी असं बाबांना वाटत होतं. या विषयावर आमच्या घरात दोन महिने जेवणं गप्प झाली होती.

बाबांनी ऐकून घेतलं आणि अट घातली. ती त्यांच्याच शब्दांत सांगते, कारण पुढचं माझं सगळं आयुष्य त्या अटीवर लटकलं.

"काढ चित्र. सायबाले कोनी सांगाचं नाई का हे काय हाय म्हून. त्यायनं पाहून आपल्या तोंडानं मागीलदार म्हटलं, तं तुह्या कॉलेजचा फॉर्म मी सोता आनतो. नाई म्हटलं, तं बी.एस्सी. मंग रडाचं नाई."

आई म्हणाली, "तिनं समुद्र पायला तरी हाय का?"

"सायबानं इतक्यांदा सांगतला, मले पोहता येते त्याच्यात," बाबा म्हणाले.

झालं. देवांगन काकांनी खोक्याच्या लाकडाची सुंदर चौकट आधीच ठोकून ठेवली, बिनकाचेची, कारण काच भोपाळपर्यंत टिकणार नाही असं त्यांचं मत. मी भिलाईत कॅम्प-१ च्या बाजारात जाऊन जाड कागदाचे तीन ताव आणि निळ्याची एक मोठी ट्यूब आणली. अल्ट्रामरीन. दुकानात निळा तेवढाच होता. जलरंगात पांढरा रंग नसतो, कागदच पांढरा. प्रकाश पाण्याने धरायचा असतो. ब्रश भरून पाणीदार रंग वरून खाली आणायचा, तिरप्या फळीवर त्याचा थेंब खालच्या कडेला गोळा होतो, तो टिपायचा. एकदा ओलं सोडलं की देवाच्या हवाली. मी पहिला ताव रंगवला. आभाळ इतकं छान उतरलं की मी स्वतःच टाळी वाजवली. अर्ध्या तासाने वाळलं तेव्हा आभाळाच्या प्रत्येक कडेला तपकिरी झालर. आमच्या कॉलनीचं पाणी बोअरचं, लोखंडाने भरलेलं. बादलीला लाल कडं चढायचं, पांढरा सदरा दोन महिन्यांत पिवळा. तेच लोखंड माझ्या समुद्रात उतरलं होतं. दुसऱ्या तावासाठी मी पाणी उकळलं, फडक्याने गाळलं, रात्रभर निवळत ठेवलं. दुसरा समुद्रही गंजला. निरोप समारंभ परवा होता. ताव एक उरला होता.

आणि त्याच घरातल्या माणसाकडे, केबिनच्या शेजारी, जगातलं सगळ्यांत स्वच्छ पाणी कॅन भरून ठेवलेलं होतं. मी जेवताना विचारलं. बाबांनी घास थांबवला. म्हणाले, ते पाणी सिग्नलचं आहे. मी म्हटलं, एक बाटली. ते म्हणाले, एका बाटलीनं पण एखादा सिग्नल विझू शकते. हे अर्थातच खोटं होतं. पण बाबा ऑफिसचा खडूसुद्धा घरी आणू देत नसत, त्यामुळे मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. चोरायचं ठरवलं.

आता मी नाटकांचे पडदे रंगवते. रायपूर, दुर्ग, कधी नागपूर. विंगेत उभं राहून एंट्रीची वाट पाहणारे नट मी खूप पाहिलेत. दर वेळी मला तो दुपारचा एक वाजलेला आठवतो. बाबांचा डबा घेऊन मी केबिनकडे निघाले होते. पिशवीत डब्याच्या खाली सरबताची रिकामी बाटली. आदल्या वर्षी बाबांनी एकदा हौसेने बॅटरी रूम दाखवली होती, तेव्हा पाहून ठेवलं होतं: आत शिरलं की समोरच्या भिंतीशी दोन पांढरे कॅन, अगदी जुळे, वर काही लिहिलेलं नाही, लिहिलेलं पुसून जातं म्हणून. उजव्या हाताचं पाणी, डाव्या हाताचं ॲसिड. केबिनपाशी कळलं की कुम्हारी स्टेशनच्या बाजूला पॉइंट अडकलाय, बाबा तिकडे गेलेत. देवांगन काका पुढच्या दाराशी स्टुलावर बसून पाय हलवत होते. बॅटरी रूमचं दार त्यांच्या बरोबर पाठीशी.

"डब्बा लाने हस, नोनी? राख दे," ते म्हणाले.

मी डबा ठेवला. पाणी पिऊन येते म्हटलं आणि इमारतीला वळसा घातला. मागे एक दार होतं, कडी तारेने बांधलेली. तार सोडताना बोट कापलं. आत काळोख, गरम, आणि एक जडसर वास, आणि बॅटऱ्यांचा अगदी बारीक बुडबुड आवाज, जणू शंभर माणसं झोपेत श्वास घेतायत. कॅन दोन होते. मी उजव्या हाताच्या कॅनचं झाकण फिरवलं. ते घट्ट होतं. बाहेर देवांगन काका कुणाशी तरी बोलायला लागले आणि त्यांचा स्टूल सरकला. मी ओढणीने धरून झाकण उघडलं, बाटली भरली, थोडं ओढणीवर सांडलं, हातावर उडालं. झाकण लावलं की नाही हे मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. तार बांधली आणि मी रुळांच्या कडेकडेने चालत घरी आले. पळावंसं वाटत होतं, पण यार्डात पळणाऱ्या माणसाकडे सगळे बघतात.

तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या नव्हतं आलं. मागच्या दाराने आत गेलेल्या माणसाचा उजवा हात म्हणजे पुढच्या दाराने गेलेल्याचा डावा.

आई शेजारी पापड लाटायला गेली होती. मी शेवटचा ताव फळीवर ताणला, दार लावलं, पंखा बंद केला. बोट चरचरत होतं, मला वाटलं तारेचं. मग मी तो समुद्र रंगवला. मनापासून सांगते, इतकं चांगलं मी नंतर कधी काम केलं नाही. वाळूत उभं राहून समुद्राकडे पाहते आहे असं ठरवलं. उजवीकडे काळा कडा, डावीकडे माड, जसं साहेब सांगत तसं, आणि वाळूच्या कडेला ओळीने होड्या. निळा असा उतरत गेला की कुठे कड नाही, डाग नाही, जणू कागदच निळा जन्माला आला होता. एकदा थांबून टोक करायला मी ब्रश ओठांत घेतला. आई सुईत ओवायचा दोरा जसा ओठांत घेते तसा, सवयीने. आणि जीभ आखडली.

समुद्र खारट असतो असं साहेब सांगत. माझा आंबट निघाला. चिंचेसारखा आंबट नाही. लोखंडी, जाळणारा आंबट. मी मोरीकडे धावले, थुंकले, चूळ भरली, पुन्हा भरली, दहा वेळा. मग समजलं. मी मोरीतच बसले. हातांना चरे पडल्यासारखं होत होतं, ते साबणाने घासले. आता बाबांना सांगायचं म्हणजे चोरी सांगायची. कॅन उघडा राहिला असेल तर? देवांगन काकांनी पाणी समजून त्यातलं बॅटरीत ओतलं तर? आणि न सांगावं तर चित्र ॲसिडचं. मी बाहेर आले आणि चित्राकडे पाहिलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत आभाळ जायला लागलं होतं.

हा निळा रंग ॲसिडमध्ये मरतो, हे मला पुढे कॉलेजात कळलं. त्या दुपारी मला एवढंच दिसत होतं की वरच्या कोपऱ्यातून निळं राखेसारखं होत खाली येतंय. जसं कुणी खिडकी लोटावी आणि धुकं आत यावं. माडांचा हिरवा मी निळ्या-पिवळ्याचा केला होता. निळा गेला, पिवळे माड उरले. आणि वास. मरत्या निळ्याचा, कुजक्या अंड्यांसारखा, खोलीभर. आमच्या घरात अंडं कधी शिजलं नव्हतं. मी खिडक्या उघडल्या. ट्यूब पिळून पाहिली, निळा थेंबभर उरला होता. ताव संपले होते. त्या दिवशी बाजार बंद. मी तशीच बसून राहिले. संध्याकाळी देवांगन काका सायकलवर चौकट घेऊन आले, चित्र चौकटीत बसवलं, मागून पुठ्ठा ठोकला. नाक उडवून म्हणाले, तुमच्या मोरीत काही मेलंय का पाहा. मग सगळं चमकत्या प्लास्टिकच्या कागदात गच्च गुंडाळून घेऊन गेले. जाताना त्यांनी मागचं दार आणि कॅन यांच्याबद्दल काही विचारलं नाही. मी धीर करून विचारलं, आज बॅटऱ्यांत पाणी घातलं का? ते म्हणाले, उद्या सकाळी इंगळे बाबू स्वतः घालणार आहेत. इंगळे बाबू म्हणजे बाबा.

सकाळी बाबा ड्यूटीवर गेले. मी अंथरुणात डोळे मिटून पडले होते. मोरीतून आईने हाक मारली. तिच्या हातात माझी ओढणी होती, नुकतीच धुतलेली. तिने ती उन्हाकडे धरली. चांदण्या पडल्या होत्या. बाबांच्या पँटवर पडतात तशा, पण दाट, जणू पूर्ण आकाशगंगा. आई काही क्षण ओढणीतून मला पाहत राहिली. मग तिने माझे हात उलटेपालटे करून बघितले.

"काय केलंस व?"

मी सांगितलं. सगळं. ती ओट्यावर बसली. रागावली नाही, त्यानेच मला जास्त भीती वाटली. म्हणाली, "तुह्या बाबाले मी नाई सांगत. तू सांग. पन आज संध्याकाळच्या आत." मग उठून तिने ओढणी चुलीत घातली. मी दुपारी केबिनला गेले, तर बाबा पुन्हा लाइनवर. सांगायचं राहिलं. सांगायचं राहू दे म्हणून मी मनातल्या मनात देवाची करुणा भाकत होते, हेही खरं.

समारंभ रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये. खुर्च्या, झेंडूचे हार, समोसे, मोठ्या पातेल्यातला चहा. साहेब धुवट पांढऱ्या शर्टात, मधोमध, नवरदेवासारखे अवघडलेले. आई माझ्या शेजारी बसली होती आणि तिने माझं मनगट धरून ठेवलं होतं. भाषणं झाली. शाल झाली. मग देवांगन काकांनी तो चमकता कागद साहेबांच्या मांडीवर ठेवला. बाबा मागे भिंतीला टेकून उभे, हाताची घडी. सगळ्या खात्याला अट ठाऊक झाली होती, त्यामुळे कुणी बोलत नव्हतं. साहेबांनी कागद फाडला.

आधी वास आला. रात्रभर कागदात कोंडलेला. पहिल्या रांगेतल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. तुम्हा-आम्हाला तो वास अंड्याचा, पण बॅटरीवाल्यांना तो फार ओळखीचा. बॅटरी प्रमाणाबाहेर चार्ज झाली की हाच वास सुटतो. देवांगन काका ताडकन उठले.

"बैटरी ओवरचार्ज होवत हे का?" ते बाबांना म्हणाले आणि समोसा खिशात घालून बॅटरी रूमकडे निघाले. त्यांच्यामागून दोघे. बाबा हलले नाहीत. त्यांनी एकदा खोल श्वास घेतला, आणि मग माझ्याकडे पाहिलं. 

चित्र मीही आदल्या संध्याकाळनंतर आत्ताच पाहत होते. निळं काही शिल्लक नव्हतं. दुधात राख मिसळावी तसं आभाळ, तसंच पाणी. दोन्हींच्या मध्ये रेघ नाही. खालच्या कडेला, जिथे ब्रशचा थेंब गोळा झाला होता, तिथे उन्हाळ्याच्या उष्म्याने ॲसिड आटून कागद करपून गडद तपकिरी झाला होता, भाजलेल्या पापडासारखा. साहेबांनी चष्मा वर केला. चित्र हातभर लांब धरलं.  यार्डात डबे आदळले, तो आवाज सुरू होऊन शेवटच्या डब्यापर्यंत गेला, आणि साहेब तरी बोलेनात.

"छान आहे," ते अखेर म्हणाले. शिष्टाचाराचं छान. "माडांना काय रोग झालाय? पिवळे पडलेत." कुणीतरी हसलं. "आणि या होड्या अशा सरळ रेषेत कुणी लावत नाही. ही मालगाडी झाली." पुन्हा हसू. "कुठलं आहे हे?"

आईने डोळे मिटले. मी बी.एस्सी.ला पोचले होते. वर्ग, बाक, वही, सगळं दिसायला लागलं. अटीमुळे सांगायची सोय नव्हती. साहेब चित्र खाली ठेवायला वाकले, आणि वाकताना ते त्यांच्या नाकाजवळून गेलं.

ते तिथेच थांबले. पुन्हा जवळ घेतलं. डोळे मिटले आणि लहान मूल दुधाच्या भांड्यात तोंड घालतं तसं त्यांनी नाक त्या करपलेल्या वाळूपाशी नेलं. हॉलमधली सगळी माणसं, नाकाला रुमाल लावलेली, त्यांच्याकडे बघत राहिली.

"सुकती," ते म्हणाले. मग आम्हाला कळावं म्हणून, "ओहोटी. पाणी ओसरलं, चिखल उघडा पडला की असा वास सुटतो. अस्साच. आई म्हणायची, घाण येता, चला घराक." त्यांनी डोळे उघडले, चित्र हातात फिरवलं, आता अगदी जवळून पाहिलं. "पहाटेचं धुकं. कडा चुकीच्या बाजूला काढलाय, मुली. वाळूत उभं राहिलं की कडा डाव्या हाताला येतो. पण हे मागीलदार आहे. आमचं मागीलदार."

टाळ्या वाजल्या. मी वाजवल्या नाहीत. साहेब रडत होते आणि आपण रडतोय हे त्यांना समजलेलं नव्हतं. त्या टाळ्यांमध्ये बाबा पुढे आले, साहेबांच्या खुर्चीपाशी उभे राहिले, आणि माझ्याकडे रोखून बघत शांतपणे म्हणाले, "माह्या पोरीले डावं-उजवं समजत नाई, सायब."

साहेबांना वाटलं कड्याबद्दल बोलतायत. ते हसले. मी नाही हसले.

घरी जाताना आई शेजारणीबरोबर पुढे गेली. मुद्दाम गेली, हे मला आता कळतं. बाबा सायकल हातात धरून चालत होते. ऊन उतरलं होतं. क्रॉसिंगच्या अलीकडे त्यांनी सायकल स्टँडवर लावली. मी म्हटलं, बाबा, मी... त्यांनी हात वर केला.

"तोंडात गेलं का?"

"हो. जरासं. ब्रश तोंडात घेतला."

"जीभ दाखव."

रस्त्यात उभं राहून, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, सतरा वर्षांच्या पोरीने जीभ बाहेर काढली आणि सिग्नल मेंटेनरने ती बॅटरीच्या बरणीची पातळी पाहतात तशी वाकून, एक डोळा बारीक करून पाहिली. मग हात पाहिले. मग रुळांकडे बघतच सांगितलं, झाकण उघडंच होतं. सकाळी त्यांनीच पाहिलं, आणि मागची तारही उलटी गुंडाळलेली. ॲसिड किती कमी झालं तेही त्यांना कळलं होतं. पाणी घालायच्या आधी त्यांनी दोन्ही कॅन तपासले. कुणाला बोलले नाहीत. दिवसभर वाट पाहत होते, कोण सांगायला येतं याची.

"मी दुपारी आले होते," मी म्हटलं.

"मालूम हाय. देवांगन बोलला." मग म्हणाले, "मानूस फिरला का त्याचं डावं-उजवं फिरते. रायपूर फिरत नाई. पानी रायपूरकडं, ॲसिड दुर्गकडं. सतरा वर्सं या घरात राहून तू हे नाई शिकली, कावून?"

  त्यांनी सायकलचं स्टँड काढलं. दहा पावलं गेल्यावर, मागे न बघता विचारलं, "तो फॉर्म कुठं भेटते?"

त्यानंतर बाबांनी ती चोरी कधी काढली नाही. फक्त मी वसतिगृहात जायला निघाले तेव्हा ट्रंकेत कपड्यांच्या वर एक सरबताची बाटली ठेवलेली निघाली. भरलेली. वर कागद चिकटवलेला, त्यांच्या अक्षरात: घरचं पाणी. चारदा उकळून, वाफ धरून, स्वतः केलेलं. आईचा प्रेशर कुकर त्यासाठी आठवडाभर अडकून पडला होता असं नंतर कळलं.

साहेबांचं एक पत्र आलं, भोपाळहून. लिहिलं होतं, चित्र खालून झडायला लागलंय. आधी वाळू गेली. कागद हात लावला की पिठासारखा पडतो. आता पाणी होड्यांपर्यंत आलंय. पण काढलेलं नाही भिंतीवरून, आमच्या गावचा किनाराही समुद्र असाच खातो. आणि शेवटी, बोरूने लिहावं तसं जपून, तिथे कसं जायचं ते लिहिलं होतं. कुठे उतरायचं, कुणाला विचारायचं, होडी कुणाची घ्यायची.

बाबा निवृत्त झाले तेव्हा त्यांनाही भिंतीवरचं घड्याळ मिळालं. मी त्या वेळी दुर्गला राहत होते. ते पास घेऊन आले आणि म्हणाले, नागपूर नाही, यंदा त्या सायबाच्या मागीलदाराले जाऊ. आई म्हणाली, मले नाई पोहता येत, तुमी बापलेक जा. दोन रात्री गाडीत, एक दिवस बसमध्ये, मग होडी. होडी आत शिरली तेव्हा उजव्या हाताला काळा कडा होता आणि डाव्या हाताला माड, हिरवे, अगदी निरोगी. पाणी ओसरलेलं होतं. आम्ही चपला हातात घेऊन चिखलातून वाळूवर आलो आणि वळून समुद्राकडे पाहिलं. कडा डावीकडे गेला होता.

मी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघत होते. बाबा उघड्या पायांनी उभे होते, पँट गुडघ्यापर्यंत वळलेली. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. रूळ नाहीत, स्टेशन नाही. मग वारा फिरला आणि चिखलाकडून तो वास आला. बाबांनी नाक वर केलं, एक मोठा श्वास घेतला, आणि माझ्याकडे संशयाने बघत म्हणाले,

"पोरी, दुर्गकडचा कॅन इथं कोनं उघडला?"